मधुमेह आणि क्षय : एका जुन्या सोबतीचा इतिहास

घरातील वडीलधाऱ्यांना ‘साखर’ आहे आणि त्यांचा खोकला महिना उलटला तरी हटत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. घरची मंडळी दोष देतात हवापालटाला. हा खोकला इतक्या सहज सोडून देऊ नये, असे इतिहास सांगतो. तोच आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

मधुमेहाच्या पाठोपाठ क्षय येतो, ही गोष्ट सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न सीना या थोर वैद्याच्या ध्यानात आली होती. का येतो, हे मात्र त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते. १८८२ साली रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाचा जंतू दाखवून दिला आणि कोडे अधिकच गहन झाले. जंतू तर शेजाऱ्याच्याही छातीत शिरतो; मग मधुमेह्याच्या ठिकाणीच तो इतका का फोफावतो?

इन्शुलिनपूर्वी वैद्यांची स्थिती मोठी केविलवाणी होती. क्षयावर उपाय म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि दूध-अंड्यांचा भरपूर आहार. मधुमेहावरचा उपाय नेमका उलटा! न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक ॲलन १९१४ च्या सुमारास रोग्यांना कडक उपवास घडवीत. दोन्ही रोग एकाच देहात आले म्हणजे करावे काय? खाऊ घालावे तर साखर मारणार, उपाशी ठेवावे तर क्षय.

१९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांना इन्शुलिन गवसले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, अस्थिपंजर झालेल्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. मुलगा वाचला. आता क्षयाचेही भय सरले, असे वाटणे साहजिक होते. पण तसे घडले नाही. १९३४ मध्ये बोस्टनच्या डॉ. हॉवर्ड रूट यांनी दाखवून दिले की मधुमेह्यांना क्षय अधिक जडतो; आणि ज्यांचा मधुमेह बेशुद्धीपर्यंत गेलेला, त्यांना तर विशेषच.

याचे कारण पुढच्या संशोधनाने उलगडले. फुप्फुसाच्या वायुकोशांत भक्षक पेशींचा पहारा असतो. जंतूला गिळावयाचे आणि त्याची वर्दी रक्तातील लढाऊ पेशींना द्यावयाची, हे त्यांचे काम. रक्तात साखर दीर्घकाळ चढलेली राहिली म्हणजे हा पहारा सुस्तावतो. मधुमेही उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की वर्दी उशिरा पोचते, कुमक उशिरा येते, आणि ती येईतो जंतूंनी ठाण मांडलेले असते. कुमक दुबळी नसते. तिची वेळ चुकलेली असते.

२००८ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा मधुमेह्याला क्षयाचा धोका सुमारे तिप्पट आढळला. म्हणून २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, क्षयरोग्याची साखर तपासा आणि मधुमेह्याच्या क्षयाचीही चौकशी करा.

क्षयरोग्यांच्या संख्येत आपला देश जगात पहिला आणि मधुमेह्यांच्या संख्येतही अग्रभागी. ही दोन संकटे एकाच उंबरठ्यावर भेटणार, हे उघड आहे. ॲलनच्या काळच्या वैद्याजवळ दोहोंपैकी एकावरही औषध नव्हते. आज दोहोंवरही आहे. तेव्हा साखर ताब्यात ठेवावी आणि खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. एवढे केले तरी ही हजार वर्षांची सोबत पुष्कळ घरांतून मोडता येईल.