घरची चूल आणि बाजारची देग

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात तरावीहनंतर एक छोटा जलसा झाला. वक्ते तळमळीने बोलत होते. विषय फिरत फिरत खाण्यावर आला. ते म्हणाले, "आजकालच्या बायकांना चुलीपाशी उभं राहायला नको. पिझ्झा मागव, बर्गर मागव, रोल मागव. आपल्या बुजुर्गांच्या काळात घराघरात चूल पेटायची, म्हणून घरात बरकत होती." समोर बसलेले पुरुष माना डोलावत होते. जलसा संपला आणि त्यातले निम्मे लोक थेट कोपऱ्यावरच्या सीख कबाबच्या गाडीवर जाऊन उभे राहिले. मीही त्यांच्यात होतो.

बुजुर्गांच्या काळात घराघरात चूल पेटायची, हे आपण इतकं गृहीत धरून चालतो की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. म्हणून आपण ज्या काळाला मुस्लिम संस्कृतीचा सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळातल्या एका शहरात जाऊन पाहू. ते शहर म्हणजे कैरो आणि त्याला लागून असलेलं जुनं फुस्तात.

फुस्तात हजरत अम्र इब्न अल-आस यांनी सातव्या शतकात वसवलं. फातिमी खलिफांनी 969 मध्ये त्याच्या शेजारी कैरोचा पाया घातला. फारसी कवी आणि प्रवासी नासिर खुसरो 1047 मध्ये तिथे पोचला. फुस्तातमधल्या सात-सात, काही तर चौदा मजली इमारती पाहून तो थक्क झाला. एकेका इमारतीत साडेतीनशे माणसं राहतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. आकडा थोडा फुगवलेला असेल असं धरलं तरी चित्र स्पष्ट आहे. मुंबईची चाळ आपल्याला माहीत आहे. हे तिचंच हजार वर्षांपूर्वीचं रूप. त्याने आणखी एक गोष्ट टिपली आहे. तिथले दुकानदार मालासोबत काचेचं, मातीचं भांडं किंवा कागद स्वतःच देत, गिऱ्हाइकाला घरून काही न्यावं लागत नसे. पार्सलची सोय काही आपल्या काळाची देणगी नाही.

अशा दाटीवाटीच्या घरात चूल मांडायची कुठे? फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये जुन्या कागदपत्रांचा प्रचंड साठा सापडला, तो 'गेनिझा' या नावाने ओळखला जातो. त्यात घरं विकल्याची, भाड्याने दिल्याची खतं आहेत, हिशेब आहेत, पत्रं आहेत. एस. डी. गॉइटाइन या अभ्यासकाने आयुष्याची कित्येक वर्षं घालून ती वाचली. घरांच्या वर्णनात स्वयंपाकघराचा उल्लेख फार क्वचित येतो आणि शिजवलेलं अन्न बाजारातून आणणं ही मध्यमवर्गीयांची नेहमीची रीत होती, हे त्याने दाखवून दिलं. हे कागद प्रामुख्याने यहुदी कुटुंबांचे आहेत, पण बाजार सगळ्यांचाच होता.

पुढे मामलुकांच्या काळात, 1384 मध्ये, फ्लॉरेन्सचा फ्रेस्कोबाल्दी कैरोत आला. रस्त्यांवर रात्रंदिवस तांब्याच्या मोठमोठ्या देगा चढलेल्या त्याने पाहिल्या. कितीही श्रीमंत असला तरी इथला माणूस घरी शिजवत नाही, बाजारातून मागवतो, असं त्याचं म्हणणं. परदेशी प्रवासी बोलताना थोडं वाढवून बोलतो. सुलतानांचे, अमिरांचे मुदपाकखाने होतेच. अरबीत पाककृतींची जाडजूड पुस्तकं लिहिली गेली ती काही उगीच नाहीत. पण सामान्य माणसाच्या बाबतीत त्याचं निरीक्षण खरं होतं.

मग कैरोतल्या बायका आळशी होत्या का? कारणं पाहिली तर उत्तर मिळतं.

पहिलं कारण जळण. मिसरमध्ये जंगल नाही. नाईलच्या दोन्ही तीरांना शेतीची चिंचोळी पट्टी आणि पलीकडे वाळवंट. सरपण महाग. गरीब माणूस शेणाच्या गोवऱ्या, काड्या, पाचट यांवर भागवायचा. चार माणसांसाठी चार तास चूल पेटवण्यापेक्षा चारशे माणसांची एकच देग चढवणं सगळ्यांनाच स्वस्त पडायचं. दुसरं कारण जागा आणि आगीची भीती. चौथ्या मजल्यावर एका खोलीत चूल पेटवणं म्हणजे अख्ख्या इमारतीचा जीव धोक्यात घालणं. तिसरं कारण पाणी. तेही वर चढवावं लागे. आणि चौथं, वेळ. कारागीर, हमाल, सूत कातणाऱ्या बाया, सगळे दिवसभर राबणारे लोक. ज्याची कमाई रोजची, त्याला महिन्याचा किराणा भरता येत नाही. तो रोज एक वाडगं विकत घेतो.

या बाजारात मिळायचं काय? गहू आणि गोश्त रात्रभर घोटून केलेला हरीसा, म्हणजे आपल्या हलीमचा पूर्वज. भट्टीत भाजलेलं कोकरू, तळलेली मासळी, मसाला भरलेल्या गोश्ताच्या नळ्या, आणि जुलाबिया, जिच्यावरून आपल्या जिलबीचं नाव आलं. यातला हरीसा घ्या. घेणाऱ्याला तो दोन मिनिटांत मिळायचा, पण करणाऱ्याची रात्र त्यात गेलेली असायची. आजच्या फास्ट फूडशी त्याचं नातं आहे आणि फरकही आहे, तो इथे.

या बाजारी अन्नाबद्दल उलेमांनी काय केलं? बायकांना दोष देत बसले नाहीत. त्यांनी बाजारावर लक्ष ठेवलं. मुहतसिब नावाचा अधिकारी बाजाराची तपासणी करायचा आणि त्याच्यासाठी 'हिस्बा'ची पुस्तकं लिहिली गेली. बाराव्या शतकात, सुलतान सलाहुद्दीनच्या काळात, शाममधल्या अल-शैझरीने असं एक पुस्तक लिहिलं. पुढे मिसरमध्ये इब्न अल-उखुव्वाने लिहिलं. त्यातले नियम वाचताना आजही आश्चर्य वाटतं. पीठ मळणाऱ्याने तोंडावर कापड बांधावं, म्हणजे शिंकताना-बोलताना थुंकी पिठात पडणार नाही. कपाळाला पट्टी बांधावी, म्हणजे घाम पडणार नाही. माश्या हाकायला शेजारी माणूस उभा ठेवावा. कोकरू भट्टीत घालण्याआधी आणि काढल्यावर तोलावं. एक तृतीयांश वजन घटलं असेल तरच ते नीट भाजलं समजावं. हरीशाच्या देगीवर रात्री मुहतसिबाची मोहोर लागायची आणि सकाळी त्याच्यासमोर ती फोडायची, म्हणजे मधल्या वेळेत कोणी गोश्त काढून घेणार नाही. आणि गोश्ताच्या नळ्या भरणाऱ्यांची लबाडी सर्वांत जास्त, म्हणून त्यांची दुकानं मुहतसिबाच्या बैठकीजवळच असावीत!

आता घरातल्या स्वयंपाकाचं. चूल सांभाळणं हे बायकोचं शरई कर्तव्य आहे असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. फुकहांमध्ये याबाबत मतभेद आहेत, पण शाफई आणि हंबली परंपरेतल्या बहुतेक जुन्या फुकहांनी निकाहच्या करारातून स्वयंपाकाची सक्ती निघत नाही असंच म्हटलं आहे. हनफींनी ती तिची नैतिक जबाबदारी मानली, तरी काझीने तिच्यावर सक्ती करावी असं म्हटलं नाही. आणि पैगंबर (स.) घरात काय करत, या प्रश्नावर हजरत आयेशा (र.) यांनी दिलेलं उत्तर सही बुखारीत आहे: ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस आपल्या जलशांत क्वचितच ऐकू येते.

आपल्या भागाकडे वळलो तरी हेच दिसतं. औरंगाबादच्या नान-खलियाचा संबंध मुहम्मद तुघलकाच्या दौलताबादला आलेल्या लष्कराशी जोडला जातो. ती कथा खरी असो वा नसो, ती नान घरच्या चुलीवर होत नाही, भटियाऱ्याच्या तंदूरमध्येच होते. ईदच्या आधी रवा, तूप, साखर घेऊन बेकरीवर नानखटाई भाजून घ्यायला आपल्या आया जात आल्या आहेत. सामान घरचं, भट्टी बाजारची. मुंबईत गिरण्या आल्या आणि कोकण-घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपू लागले. त्यांना जेवू घातलं खानावळवाल्या बायकांनी. सावकारी कर्जात अडकलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. वडापावही याच घाईच्या शहरात जन्मला. तिथेही कारणं तीच: जळण, जागा, वेळ आणि रोजची कमाई.

म्हणून बाजारचं सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, मैदा, साखरेचं थंड पेय, हे पोरांच्या पोटात रोज जाणं चिंतेचंच आहे. शुगर आणि ब्लडप्रेशर आता आपल्या प्रत्येक घरात आहे. पण रोग ओळखला नाही तर औषध लागू पडत नाही. जी बाई सकाळी सातला लोकलने निघून रात्री आठला परतते, तिने मुलांसाठी फ्रँकी आणली तर तो तिचा आळस नाही. तिच्या आधी घरी पोचलेला नवरा भूक लागली म्हणून मोबाईल घेऊन बसला असेल, तर प्रश्न त्याला विचारायला हवा.

अन्नसुरक्षेचा कायदा 2006 पासून आपल्याकडे आहे. मुहतसिब नाही असं नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या गाडीवरचं तेल किती दिवसांचं आहे, हे विचारणारे चार लोक मात्र हवेत. जलशातल्या त्या वक्त्यांना मी भेटून एवढंच सुचवणार आहे की पुढच्या वर्षी हिस्बावर बोला. आणि घरी चूल पेटायलाच हवी असं वाटत असेल, तर काडी आपणही ओढू शकतो. सध्या मला फक्त खिचडा येतो. तो रात्रभर घोटावा लागतो, तेव्हा कळतं की बरकत कोणाच्या हाताला फोड आल्यावर येते.