डाकगाडीच्या आधीचा बोंबील

मुंबईच्या डाकगाडीतून सुके बोंबील जायचे, डब्याला वास सुटायचा, म्हणून साहेब त्यांना ‘बॉम्बे डाक’ म्हणू लागले आणि त्याचं पुढे ‘बॉम्बे डक’ झालं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. तारखा लावून पाहिल्या की ती टिकत नाही.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ला. ‘सर टोबी रेंड्रॅग’ या टोपणनावाने छापलेल्या हिंदुस्थानच्या आठवणी १८२९च्या, आणि ‘बॉम्बे डक’ असं टोपणनाव पडलेला मासा त्यांत आहे. डाक हरकाऱ्यांची त्याआधीही होती हे खरं, पण सांगितली जाते ती गोष्ट आगगाडीच्या डब्याची. तो डबाच तेव्हा नव्हता.

शास्त्रीय नावाचा मुंबईशी संबंध नाही. निसर्गअभ्यासक हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात याचं वर्णन केलं, आणि ‘नेहेरियस’ हे त्याचं नाव आजही ‘हार्पाडॉन’पुढे लागतं.

मराठी नाव मात्र त्याच्याही आधी परदेशी कागदांवर उतरलं होतं. इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनबरोबर १७७३ मध्ये केलेल्या स्कॉटलंडच्या प्रवासावर त्यांचा चरित्रकार बॉझवेल याने पुस्तक लिहिलं. तिथे मीठ लावून उन्हात वाळवलेल्या माशांचा विषय निघतो, आणि तळटिपेत तो नोंदवतो की असे मासे मुंबईतही करतात, तिथे त्यांना ‘बंबलो’ म्हणतात. ही माहिती त्याला मद्रासच्या गव्हर्नरकडून मिळाली होती. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबूंना ताणलेल्या दोरीवर दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगतात, ओल्या बोंबलातलं पाणी उन्हात निथळून जातं आणि काडीसारखा कडक सुका बोंबील उरतो. स्कॉटलंडच्या मासळीवर लिहिताना आठवावा असा तो हाच.

त्या प्रवासाच्याही शंभर वर्षं मागे ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर आहे. मुंबईबद्दलच्या १६७३च्या मजकुरात तो माझगावला मोठं मच्छीमार गाव म्हणतो. तिथला नावाजलेला मासा म्हणून तो ‘बंबेलो’ लिहितो आणि गरिबांचं पोट त्यावर चालतं असंही नोंदवतो. मला ही नोंद सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्यात बदक नाही, डाक नाही. आहे तो ‘बोंबील’च: अनुस्वाराचा ‘म’ झालेला, ‘ल’ला ओकार चिकटलेला, माझगावात बोलला जायचा तो शब्द एका इंग्रज डॉक्टरच्या कानाने टिपलेला.