नवख्याचा पहिला डाव

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमला पट लागत नाही, सोंगट्याही नसल्या तरी चालतात. लागतो तो सांगणारा माणूस. एक जण पंच होतो आणि समोर काय दिसते, काय ऐकू येते ते सांगतो. बाकीचे भिडू एकेक पात्र घेऊन आपण काय करणार ते तोंडी सांगतात. साधेल की फसेल अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. आजची गोष्ट पुढच्या बैठकीत तिथूनच पुढे चालू होते. पाहणाऱ्याला हे दहा मिनिटांत कळते; नुसते वाचून मात्र सहजी कळत नाही. म्हणूनच नवख्याला पहिल्या डावात कसे बसवायचे हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे, आणि पन्नास वर्षांत खेळात झालेले कितीतरी बदल त्या प्रश्नाने घडवले आहेत.

खेळाचे मूळ युद्धखेळात आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना सरावासाठी नकाशावर लुटुपुटीची लढाई खेळायला लावत. फॉन राइसविट्झ पितापुत्रांनी हा खेळ घडवला आणि 1824 मध्ये मुलाने त्याचे नियम छापून आणले. दोन्ही बाजूंचे हुकूम एका पंचाकडे जात आणि परिणाम तो ठरवी. पुढे 1880 मध्ये चार्ल्स टॉटन या अमेरिकी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगोस’ हा ग्रंथ लिहिला. खेळाडू नियमांत नसलेली गोष्टही करू पाहील आणि ती होईल की नाही ते पंच ठरवील, हा त्यातला विचार. जवळपास नव्वद वर्षांनी मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली या तरुणाच्या हाती ते पुस्तक पडले.

मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत वेसली आणि त्याचे मित्र नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळत. 1969 मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव रचले आणि दोन सैन्ये त्याच्या दोन बाजूंना उभी केली. खेळायला माणसे जास्त जमली होती, म्हणून उरलेल्यांना त्याने गावातली माणसे करून टाकले: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. एकेकाला आतल्या खोलीत बोलावून हुकूम घ्यायचे आणि मग लढाई लावायची, असा त्याचा बेत होता. पण बाहेर थांबलेल्यांना धीर कुठला? आपापले पात्र अंगात भिनवून ते आपसांत कट शिजवू लागले, सौदे करू लागले. दोघांचे तर द्वंद्वयुद्ध ठरले. लढाई लागलीच नाही. वेसलीला वाटले, डाव पार फसला. मित्र मात्र पुन्हा कधी खेळायचे म्हणून त्याच्या मागे लागले. रोल-प्लेइंगचा पहिला डाव म्हणून बोट दाखवायचे झाले तर या संध्याकाळीकडेच दाखवावे लागेल. त्या दिवशी सगळेच नवखे होते आणि नियम असे कोणाला माहीतच नव्हते.

त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. वेसलीच्या पुढच्या एका डावात, लॅटिन अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशात, त्याने आपण सीआयएचा माणूस असल्याची थाप बेमालूम पचवली होती. वेसलीला लष्करी सेवेचे बोलावणे आले तेव्हा पंचाचे काम आर्नेसनकडे आले, आणि 1971 मध्ये त्याने मित्रांना ब्लॅकमूर नावाच्या जादूच्या मुलखात नेले. तिथे एक किल्ला होता आणि किल्ल्याखाली भुयारे. भिडू भुयारात उतरत, राक्षसांशी लढत, धन घेऊन वर येत. डावागणिक पात्र अनुभवी आणि बळकट होत जाई. पात्राला लागलेला मार आकड्यांत मोजायचा, म्हणजे एका फटक्यात कोणी मरत नाही, हेही तिथेच रुळले. हे सारे आर्नेसनच्या वहीत आणि त्याहून जास्त त्याच्या डोक्यात होते.

1972 च्या अखेरीस आर्नेसन आणि त्याचा मित्र डेव्हिड मेगॅरी गाडी घेऊन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या लहान गावी गेले. तिथे गॅरी गायगॅक्स राहत असे. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर घरी चपला-बूट दुरुस्त करून तो पोटापुरते मिळवत होता आणि उरलेला वेळ युद्धखेळांना देत होता. जेफ पेरेन याच्यासह त्याने लिहिलेले ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम आदल्या वर्षीच निघाले होते. आर्नेसनने नियम समजावत न बसता गायगॅक्स आणि त्याच्या मंडळींना थेट ब्लॅकमूरमध्ये खेळायला बसवले. एकच बैठक झाली, पण गायगॅक्सला ती पुरली. त्याने आर्नेसनकडून टिपणे मागवली. आली ती वीसेक पाने, आणि त्यांवरून खेळ उभा राहीना. तेव्हा गायगॅक्सने स्वतः टंकलेखन यंत्रापुढे बसून नियम लिहायला घेतले.

लिहिलेले पारखायला त्याने आपली दोन मुले घेतली, एर्नी आणि एलीस. बाप पंच, लेकरे भिडू आणि ग्रेहॉक नावाच्या किल्ल्याखालचे भुयार. गायगॅक्स पुढे या डावाची आठवण सांगत असे. मुलांनी आधी विंचवांशी झुंज दिली, मग कोबोल्ड नावाच्या ठेंगण्या प्राण्यांच्या टोळीला हरवले आणि त्यांची पेटी उघडली. आत तीन हजार तांब्याची नाणी होती. एवढे ओझे दोघांना उचलणे शक्यच नव्हते. या एका पेटीत नवख्यांसाठी सगळा खेळ भरला आहे: धोका, बक्षीस, आणि आता याचे करायचे काय, याचे उत्तर पुस्तकात न सापडणे. दुसऱ्या दिवसापासून शेजारची मंडळी येऊ लागली आणि थोड्याच दिवसांत गायगॅक्सचे टेबल अपुरे पडू लागले.

प्रकाशक मिळेना, तेव्हा गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी ऑक्टोबर 1973 मध्ये टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजेच टीएसआर, ही संस्था काढली. पैसे कमी पडले ते ब्रायन ब्लूमने भागीदार होऊन घातले. जानेवारी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर आला. लाकडाच्या रंगाच्या खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार, आणि खोकी भरायची ती घरी बसून, हातांनी. वर्षभरात सगळ्या प्रती खपल्या.

विकत घेणाऱ्याची मात्र पंचाईत होई. लढाईसाठी ‘चेनमेल’ हाताशी असेल असे पुस्तिका धरून चालत. रानावनातल्या प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट आणायला सांगत. आधी वार कोणाचा, भुयारातल्या एका फेरीत किती वेळ जातो, अशा साध्या गोष्टींची उत्तरे इथे एक तर तिथे दुसरे. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपल्यासारखेच मुरलेले युद्धखेळाडू होते, कोरा माणूस नव्हता. फाशांचीही तीच तऱ्हा. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे दुकानात मिळत नसत. शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून ते मागवावे लागत. प्लास्टिक इतके मऊ की थोड्या वापराने कोपरे झिजत. आकडे नुसतेच कोरलेले असत. मेणखडू घासून ते भरायचे आणि वरचा रंग पुसून टाकायचा, तेव्हा कुठे ते वाचता येत. वीस बाजूंच्या फाशावर शून्य ते नऊ हे आकडे दोनदा असत, म्हणून अर्ध्या बाजू वेगळ्या रंगाने भराव्या लागत.

नवख्याच्या खऱ्या कामाची पाने तिसऱ्या पुस्तिकेत होती. पंच आणि भिडूंच्या वतीने बोलणारा एक जण, अशा दोघांचा संवाद तिथे छापला होता. उजवीकडे वळतो, दाराला कान लावतो, दार ढकलतो, असे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने पुढचे सांगायचे. हा संवाद वाचल्यावर खेळात बोलायचे कसे हे कळे. खेळ पसरला तो मात्र माणसांकडून माणसांकडे. एका विद्यापीठात खेळलेला विद्यार्थी सुटीत गावी जाई, मित्रांना गोळा करी, स्वतः पंच होई. प्रत्येक गावाचे नियम थोडे वेगळे होत गेले ते यामुळेच.

ज्यांना शिकवणारा कोणी भेटला नाही त्यांनी आपले मार्ग काढले. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात केन सेंट आंद्रे याने मित्राकडे त्या पुस्तिका चाळल्या, कल्पना त्याला भावली, नियम डोक्यावरून गेले. त्याने 1975 मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा स्वतःचाच खेळ काढला. घरोघरी असणारे साधे सहा बाजूंचे फासे त्याला पुरत. त्याच खेळासाठी 1976 मध्ये रिक लूमिसने ‘बफेलो कॅसल’ लिहिले. क्रमांक दिलेले परिच्छेद वाचत, निवड करत, एकट्याने पार पाडायचा हा पहिला डाव. टोळके नसलेल्याला आता पुस्तकच पंच झाले. हीच रीत पुढे ब्रिटनमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांच्या 1982 च्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ने लाखो मुलांपर्यंत नेली.

टीएसआरलाही गोंधळाची जाणीव होती. न्यूरॉलॉजीचे प्राध्यापक असलेले जॉन एरिक होम्स यांनी आपण होऊन नियम सोपे करून द्यायची तयारी दाखवली आणि 1977 मध्ये पहिला ‘बेसिक सेट’ निघाला. पात्राच्या पहिल्या तीन पायऱ्यांपुरतेच नियम त्यात होते. नवख्याला सगळे एकदम द्यायचे नसते, हे होम्सनी ओळखले. संचात पुढे माइक कार यांचे एक तयार भुयारही आले, त्यातल्या खोल्यांचे वर्णन पूर्ण, पण राक्षस आणि धन यांच्या जागा कोऱ्या. त्या नव्या पंचाने भरायच्या. भिडूइतकाच पंचही शिकाऊ असतो, याची दखल इथे पहिल्यांदा घेतली गेली. मागणी इतकी वाढली की 1979 मध्ये फासे पुरेनात आणि खोक्यात आकड्यांच्या कागदी चिठ्ठ्या घालाव्या लागल्या.

त्याच वर्षी मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि तो हा खेळ खेळता खेळता विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला, अशी हाकाटी वर्तमानपत्रांनी केली. तो जिवंत सापडला. खेळाचा संबंध नव्हता. पण अनेक पालकांच्या मनात भीती बसली ती बसलीच. दुसरीकडे खेळाचे नाव कधी न ऐकलेल्यांनाही ते ठाऊक झाले आणि खप वाढला.

1981 मध्ये टॉम मोल्डव्हे यांनी बेसिक सेट नव्याने लिहिला. त्यातल्या नमुन्याच्या डावात एक चोर पेटी तपासताना विषारी सुई टोचून मरतो. पात्र मरू शकते, हे नवख्याला तिथेच कळून चुकते. दोन वर्षांनी आला फ्रँक मेंट्झर यांचा लाल खोक्यातला संच, वर लॅरी एल्मोर यांनी रंगवलेला ड्रॅगन. खेळाडूच्या पुस्तिकेत सुरुवातीला नियम नाहीतच. वाचणारा एक योद्धा आहे, गावाबाहेरच्या गुहेत शिरतो आहे, एवढे सांगून गोष्ट सुरू होते. साप दिसतो, फासा टाकायला सांगितले जाते, आणि लढायचे कसे हे लढतानाच समजते. पुढे अलीना नावाची धर्मोपासिका भेटते, जखमा भरून देते, सोबत चालते. थोड्या पानांनी बार्गल नावाचा मांत्रिक तिला ठार करतो. ज्यांनी हा संच लहानपणी उघडला ते आज पन्नाशीत आहेत आणि बार्गलवरचा त्यांचा राग अजून गेलेला नाही. शिकवण्याची इतकी नेमकी युक्ती या खेळाच्या छापील इतिहासात दुसरी नाही. हाच संच अनेक भाषांत गेला. जपानीत तो 1985 मध्ये आला.

जपानने त्यात स्वतःची भर घातली. 1986 पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात एका मित्रमंडळींच्या खऱ्या डावाचे संभाषण नाटकासारखे लिहून छापले जाऊ लागले, फासे आणि थट्टामस्करीसकट. त्यातून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही कादंबरीमाला निघाली. अशा लेखनाला तिथे ‘रिप्ले’ म्हणतात. तिथले कित्येक जण खेळ आधी वाचतात आणि मग बसतात.

1997 मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. 2014 च्या स्टार्टर सेटमध्ये पाच पात्रे तयारच दिली होती, म्हणजे पहिला तास आकडेमोडीत जात नाही. प्राथमिक नियमही इंटरनेटवर फुकट ठेवले गेले. 2015 मध्ये आवाज देणाऱ्या कलाकारांचा एक गट ‘क्रिटिकल रोल’ या नावाने आपले डाव थेट दाखवू लागला आणि पुढच्या वर्षी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली. तिच्या पहिल्याच भागात मुले तळघरात हा खेळ खेळतात. पूर्वी ओळखीच्या टेबलाशेजारी बसून जे पाहायला मिळे ते आता पडद्यावर कोणालाही दिसते.

याच काळात ‘सेशन झिरो’ची पद्धतही रुळली. खेळाआधी एक बैठक नुसती बोलण्यासाठी ठेवायची. गोष्ट कोणत्या तऱ्हेची हवी, कोणते विषय नकोत, आठवड्यातला कोणता वार जमेल, पात्रे एकमेकांना आधीपासून ओळखतात का, हे सगळे तिथे ठरते. नवखा असेल तर त्याचे पात्रही तिथेच, पंच आणि इतर भिडूंच्या मदतीने तयार होते.