तुरा खोचण्याची जागा

शिवजयंतीच्या मिरवणुकीत, मग ती कासारवाडीची असो की पुण्याच्या पेठांतली, घोड्यावरच्या सरदाराच्या शिरस्त्राणावरचा तुरा पुष्कळदा चिकटवून नाहीतर रिव्हेट मारून कायमचा बसवलेला दिसतो. सोय म्हणून ते समजू शकते. इतिहास म्हणून ते चुकीचे आहे आणि ही चूक किरकोळ नाही. शिरस्त्राण लढणाऱ्याचे असे, तुरा मात्र प्रसंगाचा, आणि बऱ्याचदा तो देणाऱ्याचा. म्हणून तो काढता-घालता येईल असाच घडवला जाई.

याचा पहिला पुरावा लोखंडातच आहे. संग्रहालयांतली सतराव्या-अठराव्या शतकातली हिंदुस्थानी शिरस्त्राणे पाहावीत. समोर नाकावरून खाली येणारी सरकती पट्टी, मानेवर कड्यांची झालर आणि बऱ्याच नमुन्यांत त्या पट्टीच्या दोन्ही अंगांना पिसे खोचायच्या दोन बारीक नळ्या. नळ्या टिकल्या, पिसे गेली. आपल्याला तो काळ उघड्या पोलादाचा वाटतो तो यामुळेच. जे मुळात नाशवंत आणि बदलते होते तेच आपल्या नजरेआड झाले. युरोपातल्या सरदारांच्या टूर्नामेंटची, म्हणजे लढाऊ सामन्यांचीही हीच गत. फ्रान्सच्या आंजूचा ड्यूक रने याने 1460 च्या सुमारास टूर्नामेंट कशी भरवावी यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यात मस्तकावरचे चिन्ह कडक केलेल्या चामड्याच्या तुकड्यावर उभारून मग तो तुकडा शिरस्त्राणावर बसवायला सांगितले आहे. सामन्याआधी ही चिन्हे ओळीने मांडत, स्त्रिया आणि पंच ती पाहत फिरत, आणि कोणी स्त्रीची निंदा केली असेल तर ती स्त्री त्याच्या शिरस्त्राणाला हात लावून त्याला उघडे पाडी. म्हणजे माणसाची ओळख आणि अब्रू त्या हलक्या, सुट्या वस्तूवर टांगलेली होती. इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड 1376 मध्ये वारला. कँटरबरीला त्याच्या थडग्यावर पूर्वी टांगलेल्या शिरस्त्राणावरचा सिंहही चामड्यातून घडवलेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की मराठे शिरस्त्राण घालतच किती? फारसे नाही, हे खरेच. त्यांची मुख्य भिस्त पागोट्यावर होती, आणि 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी डोक्याचे लोखंडी संरक्षण पागोट्याखाली दडवले होते, असे परंपरा सांगते. पण त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. संरक्षण आत आणि चिन्ह बाहेर, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. चिन्ह कापडावर खोचता येई तसे लोखंडावरही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रणात उंच तुरा मिरवणारा सरदार शत्रूच्या नेमाचा धनी होणार, तेव्हा हे सारे दरबारी नटणेच असणार. दरबाराचा वाटा मोठा होता हे मान्य. शिरपेच आणि कलगी बहुमान म्हणून दिले जात. तुर्कस्तानच्या सुलतानाने नाईलच्या लढाईनंतर 1798 मध्ये इंग्लिश नौसेनानी नेल्सनला दिली तीही रत्नजडित कलगीच. पण रणात दिसण्याची गरज दरबाराहून कमी नव्हती. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. नेता दिसेनासा होणे हे तो नेमात सापडण्याइतकेच घातक ठरू शकत होते.

सर्वात बोलका पुरावा मात्र शाहिरांकडे आहे. लावणीच्या फडांत कलगीवाले शक्तीची बाजू घेत आणि तुरेवाले शिवाची. सवाल-जबाब रात्र रात्र चालत, आणि कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रंगतात. या परंपरेची एक आख्यायिका उत्तरेत सांगतात. चंदेरीच्या राजाने तुकनगीर आणि शाह अली या दोघा साधूंना आपल्या मुकुटावरचा तुरा आणि कलगी काढून दिली. आख्यायिकेला तारखेचा पुरावा मानू नये. पण ती रचणाऱ्यांना काय सहज वाटत होते, हे तिच्यातून नक्की कळते. मुकुटावरचा तुरा उतरवता येतो, देता येतो आणि घेणाऱ्याच्या पक्षाची निशाणी बनतो.

तेव्हा आज जो तुरा करायचा, त्यात खरी मेहनत नळीवर घ्यावी. भोसरीच्या एमआयडीसीला खेटून असलेल्या कासारवाडीच्या परिसरात पितळेची नळी लेथवर कातून ती शिरस्त्राणाला डाग देऊन जोडणे अवघड नाही. पिसांच्या बाबतीत मात्र जुन्याची हुबेहूब नक्कल करू नये. कलगीसाठी बगळ्याच्या जातीची पिसे नावाजलेली होती. पुढे युरोपातल्या टोप्यांसाठी बगळ्यांची इतकी कत्तल झाली, की 1902 मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि आज बगळे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. रंगवलेली कोंबड्याची पिसे किंवा घोड्याचे केस चालतील. दरवर्षी ते बदलावे लागले तरी बिघडत नाही, नळी तीच राहते.