वेळांवरून तारा ओळखताना

क्ष-किरण किंवा गॅमा किरण टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीतून पल्सार ओळखायचा, तर चित्र न्याहाळून भागत नाही, वेळा जुळवाव्या लागतात. या पुस्तकात येणाऱ्या नव्या वाचकाने ही एक गोष्ट आधी मनाशी धरावी. पुढचे गणित मग परके वाटणार नाही.

पल्सार म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा किरणझोत दर फेरीला आपल्यावरून जातो. 1967 मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला तो रेडिओ लहरींत. पण पुष्कळ पल्सारांचा रेडिओ झोत आपल्या वाटेला येतच नाही. गॅमा किरणांचा झोत सहसा अधिक रुंद असतो. मात्र हे किरण वातावरणात अडतात, म्हणून उपग्रह हवा.

जून 2008 मध्ये गॅमा किरण टिपणारी फर्मी दुर्बीण कक्षेत गेली आणि त्याच वर्षी सीटीए 1 या सुपरनोव्हा अवशेषातला पल्सार निव्वळ गॅमा किरणांवरून ओळखला गेला. त्याची एक फेरी 316 मिलिसेकंदांची, म्हणजे दिवसाला सुमारे पावणेतीन लाख फेऱ्या. आणि तेवढ्या वेळात दुर्बिणीत येणारे फोटॉन मोजके! शिवाय पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे फोटॉन पोहोचण्याची वेळ वर्षभरात आठ मिनिटांपर्यंत पुढे-मागे सरकते. ती आधी सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी लावून घ्यायची, पल्सार किती मंदावतो आहे याचा अंदाज धरायचा आणि असंख्य आवर्तकाळ तपासायचे. खरा आवर्तकाळ हाती लागला की विखुरलेले फोटॉन फेरीच्या एका टप्प्याभोवती गोळा होतात. या शास्त्रातला हा क्षण मला फार मोलाचा वाटतो.

पुण्याच्या वाचकाला हे काम दूरचे नाही. फर्मीने दाखवलेल्या अनोळखी गॅमा स्रोतांचा माग नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने घेतला आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण. नरतुरंगातल्या एक्सएसएस जे12270-4859 या जोडताऱ्याचे उदाहरण घ्या. तो क्ष-किरणांत झळकत असे, फर्मीलाही दिसत असे. 2012 च्या अखेरीस त्यातल्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीची वायूची तबकडी नाहीशी झाली. मग जयंत रॉय, भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर शोध घेतला, तेव्हा तिथे 1.69 मिलिसेकंदांचा पल्सार मिळाला. जोडीदाराचे द्रव्य ओढून न्यूट्रॉन तारे इतके वेगवान होतात, असे सिद्धांत सांगत होता. इथे ते स्थित्यंतरच हाती आले. हा आवर्तकाळ कळल्यावर फर्मीच्या नोंदींतही त्याचे स्पंद सापडले. अवकाशातली खूण आणि जुन्नर तालुक्यातली पडताळणी यांचा असा मेळ या पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटेल.

28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाच्या नोंदींवरही पुण्यातच, गणेशखिंडीतल्या आयुका या संस्थेत प्रक्रिया होते. क्रॅब पल्सारच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण फेरीच्या टप्प्यागणिक कसे बदलते, हे त्या उपकरणाने मोजले. विशेष म्हणजे दोन स्पंदांच्या मधल्या, शांत समजल्या जाणाऱ्या टप्प्यातही ते झपाट्याने बदलताना आढळले. किरण नेमके कुठे निर्माण होतात, याबद्दलच्या कल्पना त्यामुळे पुन्हा तपासाव्या लागतात.

आकाशावरून काळ ठरवण्याचा नाद पुण्याला नवा नाही; लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा आमच्याच नारायण पेठेत. त्यांनी 1893 च्या ‘ओरायन’ या ग्रंथात वसंतसंपाताच्या स्थानावरून वेदांचा काळ ठरवू पाहिला. त्यांच्या निष्कर्षांवर वाद होवोत, आकाशाकडे कालगणनेचा पुरावा म्हणून पाहण्याची ती दृष्टी मला जवळची वाटते.

फर्मीच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. ‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’ प्रकल्पात लोकांनी घरचे संगणक देऊ केले आणि त्यांतून नवे गॅमा पल्सार सापडले. तेव्हा पदवीची वाट पाहू नका. सुरुवात वृषभेतल्या क्रॅबपासून करा: आवर्तकाळ सुमारे 33 मिलिसेकंद, स्पंद ठळक, चूक लगेच ध्यानात येते. मग मिथुनेतला जेमिंगा पल्सार घ्या. गॅमा किरणांत तो 1970 च्या दशकातच दिसला होता, पण त्याचा 237 मिलिसेकंदांचा आवर्तकाळ 1992 मध्ये रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण नोंदींतून उमगला. तिसऱ्या प्रकरणात त्याचेच गणित पायरीपायरीने सोडवले आहे.

नारायण पेठ, पुणे