प्रशिक्षकाची चौकट आणि शेवटचे सेकंद

डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफिल्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ या अध्यापकांनी हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत खेळता यावा म्हणून बास्केटबॉलचा खेळ रचला, आणि त्याचे तेरा नियम 15 जानेवारी 1892 रोजी संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. या नियमांत पंच दोन आहेत: एक अंपायर, जो माणसांवर नजर ठेवून फाऊल, म्हणजे नियमबाह्य वर्तन, नोंदवतो, आणि दुसरा रेफरी, जो चेंडू कोणाचा, गोल झाला की नाही आणि वेळ किती उरली हे ठरवतो. प्रशिक्षकाचा मात्र त्यांत कोठेही उल्लेख नाही. खेळ मैदानावरच्या माणसांनीच खेळावा, बाहेरून कोणी तो चालवू नये, ही त्या काळच्या शारीरिक शिक्षणाची धारणा होती, आणि पुढील अर्धशतकातील नियमांवर तिची छाप स्पष्ट दिसते.

महाविद्यालयांच्या संघांत चुरस वाढली, तसे संघाला तयार करणारे शिक्षक बाकावर येऊन बसू लागले आणि तेथून सूचना देऊ लागले. 1910 च्या सुमारास अमेरिकी महाविद्यालयीन नियमांनी त्यावर थेट बंदी घातली. सामना चालू असताना संघाशी संबंधित कोणीही मार्गदर्शन केल्यास पहिल्या वेळी ताकीद आणि त्यानंतर प्रतिपक्षाला फ्री थ्रो, म्हणजे ठरावीक रेषेवरून कोणाच्याही अडथळ्याविना टोपलीत चेंडू टाकण्याची संधी, अशी शिक्षा ठरली. ही बंदी पुढे सैल होत गेली, तरी टाइम-आउटच्या, म्हणजे संघाने मागून घेतलेल्या विरामाच्या वेळी प्रशिक्षकाला आपल्याच खेळाडूंशी बोलण्याची मुभा मिळायला 1948-49 चा हंगाम उजाडावा लागला. आज सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत दूरचित्रवाणीचा कॅमेरा ज्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, त्या माणसाला नियमांनी इतका काळ गप्प बसवले होते, हे विसरले की पंच आणि प्रशिक्षक यांच्यातील तणावाचे मूळच हातून निसटते.

टेक्निकल फाऊल ही संज्ञा या तणावाच्या केंद्रस्थानी आहे. खेळताना प्रतिस्पर्ध्याला ढकलणे, धरणे किंवा अडवणे हे अंगलगतीचे फाऊल झाले; त्यांहून वेगळे, म्हणजे पंचांशी हुज्जत घालणे, अपशब्द वापरणे, नेमलेली जागा सोडणे किंवा शिल्लक नसलेला टाइम-आउट मागणे यांसारखे दोष टेक्निकल या सदरात मोडतात. त्याची शिक्षा संघटनेगणिक आणि काळागणिक बदलत आली आहे. कोठे एक फ्री थ्रो, कोठे दोन, कोठे त्यांच्या जोडीला चेंडूचा ताबाही. मात्र हे फ्री थ्रो प्रतिपक्षाचा कोणताही खेळाडू घेऊ शकतो, त्यामुळे ते साहजिकच त्या संघातील सर्वांत भरवशाच्या हाताकडे जातात, आणि एकदोन गुणांच्या फरकाने चाललेल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला अशी शिक्षा म्हणजे जवळजवळ निकालच ठरतो.

प्रशिक्षकाला बोलू द्यायचे ठरल्यावर त्याने कोठवर जायचे हेही ठरवावे लागले. 1984-85 च्या हंगामात अमेरिकी महाविद्यालयीन नियमांनी बाकापुढे 28 फूट लांबीची प्रशिक्षकाची चौकट आखली आणि गुणलेखकाच्या टेबलाकडे काही विचारायला जाण्याचा अपवाद सोडता तिच्याबाहेर पाऊल टाकणे दंडनीय केले. त्याच हंगामात, 23 फेब्रुवारी 1985 रोजी ब्लूमिंग्टन येथे, इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी टेक्निकल फाऊल मिळताच बाकाजवळची खुर्ची उचलून मैदानावर भिरकावली. त्यांना बाहेर काढण्यात आले आणि पुढे एका सामन्याची बंदीही घालण्यात आली. हा प्रसंग अतिशय गाजला; तथापि तो सामन्याच्या सुरुवातीलाच घडला होता आणि त्यात पंचांपुढे कोणताही पेच नव्हता.

खरा पेच 30 मार्च 1991 रोजी इंडियानापोलिस येथे उभा राहिला. राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ आणि कॅन्ससचे रॉय विल्यम्स समोरासमोर होते, आणि विल्यम्स हे पूर्वी स्मिथ यांचेच साहाय्यक होते. स्मिथ यांना पूर्वार्धात एक टेक्निकल मिळालेला होता. अवघे 35 सेकंद उरले असताना आणि संघ मागे असताना त्यांचा खेळाडू रिक फॉक्स पाचव्या फाऊलमुळे बाद झाला. बदली खेळाडूला टेबलाकडे नेता नेता, बदलीसाठी आपल्याला किती वेळ आहे, असे स्मिथ पंच पीट पाविया यांना पुन्हापुन्हा विचारत राहिले, आणि चौकट ओलांडल्याबद्दल पावियांनी त्यांना दुसरा टेक्निकल देऊन बाहेर काढले. मैदान सोडण्यापूर्वी स्मिथ यांनी कॅन्ससच्या बाकाकडे जाऊन हस्तांदोलन केले. कॅन्ससने सामना 79-73 असा जिंकला.

नियमाच्या अक्षरावर बोट ठेवून पाहिल्यास पावियांचा निर्णय टिकतो. परंतु बाद खेळाडूच्या बदलीला नियमाने मोजकाच वेळ दिलेला असतो आणि तो किती उरला हे विचारणे प्रशिक्षकाच्या हक्कातलेच आहे. त्या प्रश्नाला एका वाक्याचे उत्तर मिळाले असते, तर चौकटीचा प्रश्न बहुधा उद्भवलाच नसता. घड्याळात किती वेळ उरला आहे यावरून शिक्षा बदलू नये हे खरेच, पण अखेरच्या क्षणी प्रशिक्षकाचा त्रागा आणि त्याचा उद्धटपणा यांतला फरक ओळखण्याची पंचाची जबाबदारी मात्र निश्चितच वाढते.

शिक्षा टाळणे हाही एक निर्णयच असतो, हे त्याआधी पंधरा वर्षे, 4 जून 1976 रोजी बॉस्टन गार्डनमध्ये दिसून आले होते. एनबीए या व्यावसायिक संघटनेच्या अंतिम फेरीतील या पाचव्या सामन्यात बॉस्टन सेल्टिक्सच्या पॉल सायलस याने संघाकडे शिल्लक नसलेला टाइम-आउट मागण्याची खूण केली, पण पंचांनी तिची दखल घेतली नाही आणि टेक्निकल टळला. पुढे दुसऱ्या जादा वेळेच्या अखेरीस जॉन हॅवलिचेक याने गोल करताच सामना संपला असे समजून प्रेक्षक मैदानावर धावले. पंच रिची पॉवर्स यांनी एक सेकंद शिल्लक असल्याचे सांगताच एका प्रेक्षकाने त्यांच्यावर हल्ला केला. तरीही तो एक सेकंद घड्याळावर परत आला. त्यावर फीनिक्स सन्सच्या पॉल वेस्टफाल याने हेतुपुरस्सर शिल्लक नसलेला टाइम-आउट मागितला. एका फ्री थ्रोचा गुण प्रतिपक्षाला देऊन का होईना, त्यामुळे चेंडू मैदानाच्या मध्यावरून आत टाकण्याचा हक्क त्याच्या संघाला मिळत होता. जो जो व्हाइट याने तो गुण घेतला, गार हर्ड याने त्या उरलेल्या सेकंदात चेंडू टोपलीत घालून 112-112 अशी बरोबरी साधली, आणि सेल्टिक्सने तिसऱ्या जादा वेळेत 128-126 असा विजय मिळवला. ही पळवाट पुढे बंद करण्यात आली आणि अशा वेळी चेंडूचा ताबाही गमवावा लागेल असा नियम झाला.

5 एप्रिल 1993 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे महाविद्यालयीन अंतिम सामन्यात हाच दोष मिशिगनच्या क्रिस वेबर याच्याकडून अनवधानाने घडला. संघ 73-71 असा मागे असताना चेंडू हाती घेऊन त्याने चुकीचे पाऊल टाकले, ते पंचांनी पकडले नाही म्हणून नॉर्थ कॅरोलायनाचा बाक खवळून उठला, आणि 11 सेकंद उरले असताना, आपल्याच बाकासमोर कोपऱ्यात कोंडला गेल्यावर, त्याने टाइम-आउटची खूण केली. मिशिगनकडे एकही टाइम-आउट उरला नव्हता. पंचांनी टेक्निकल दिला, डोनाल्ड विल्यम्स याने दोन्ही फ्री थ्रो साधले, चेंडूही कॅरोलायनाला मिळाला, आणि दोन वर्षांपूर्वी मैदानाबाहेर काढले गेलेले डीन स्मिथ 77-71 अशा विजयाने विजेते ठरले. सायलसला मिळालेली सूट वेबरला मिळाली नाही. येथे पंचांचे वागणे योग्यच होते, कारण जाहीर खूण पाहून न पाहिल्यासारखे करणे म्हणजे प्रतिपक्षाचा हक्क नाकारणे होय.

अशा अनुभवांतून पंचांच्या कामाची एक रीत घडत गेली. दोन्ही तळहात इंग्रजी टी अक्षरासारखे जुळवून टेक्निकलची खूण करणारा पंच टेबलाकडे नोंद देतो आणि त्या प्रशिक्षकापासून दूर उभा राहतो. समजावायला जातो तो दुसरा सहकारी. एनबीएने 1988-89 पासून तिसरा पंच कायम केल्याने ही कामांची वाटणी अधिक सोपी झाली. अमेरिकेतील शालेय सामन्यांत टेक्निकल मिळालेल्या प्रशिक्षकाला उर्वरित सामनाभर बाकावर बसून राहावे लागते, तर आंतरराष्ट्रीय नियमांत स्वतःच्या वर्तनाबद्दल दोन टेक्निकल मिळाले की त्याला मैदान सोडावे लागते. जरब दोन्ही बाजूंनी आहे: 15 एप्रिल 2007 रोजी डॅलस येथे बाकावर हसणाऱ्या टिम डंकन या खेळाडूला टेक्निकल देऊन बाहेर काढणारे ज्येष्ठ पंच जोई क्रॉफर्ड यांना एनबीएने त्या हंगामापुरते निलंबित केले होते. 1 मार्च 2015 पासून चुरशीच्या सामन्यांतील अखेरच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल ही संघटना प्रसिद्ध करते, आणि 2019-20 पासून प्रशिक्षकाला पंचांच्या निर्णयाला रीतसर आव्हान देता येते. मात्र त्यासाठी त्याच्याकडे टाइम-आउट शिल्लक असावा लागतो, आणि आव्हान फेटाळले गेले तर तोही जातो.