तालुक्याच्या गावातील जाहिरात-व्यवसाय आणि बदलती साधने : तिरोडा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

भारतीय जाहिरात-व्यवसायाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा मुंबईतील गिरगावात १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बी. दत्ताराम अँड कंपनीपासून सांगितला जातो. तेथून पुढे हा इतिहास महानगरांचा व मोठ्या संस्थांचा होत जातो. तालुक्याच्या गावी चार-दोन माणसांच्या बळावर चालणाऱ्या जाहिरात-व्यवसायाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष अभावानेच गेले आहे. पत्रके छापून देणे, फलक रंगविणे, दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीसाठी जाहिराती गोळा करणे आणि अलीकडच्या काळात गावातील दुकाने गूगलच्या नकाशावर ठळकपणे दिसतील अशी व्यवस्था करणे, ही सर्व कामे अनेकदा एकाच छताखाली, एकाच कुटुंबाकडून होत आली आहेत. २०२२ च्या अखेरीपासून या व्यवसायात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी प्रवेश केला. या प्रवेशाला नावीन्याची घटना मानण्याऐवजी साधन-परिवर्तनाच्या दीर्घ परंपरेतील एक टप्पा मानून त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा हे गाव घेतले आहे. त्याचे पहिले कारण या गावाच्या नावातच आहे.

नावाचा प्रश्न

मराठीत ‘तिरोडा’ असे लिहिले जाणारे हे नाव रोमन लिपीत ‘डी’ या अक्षराऐवजी ‘आर’ वापरून लिहिण्याचा प्रघात ब्रिटिश अमदानीतील आहे. दोन स्वरांमधील ‘ड’चा उच्चार जीभ मागे वळवून, किंचित थडकवून होतो. तो दाखविण्यासाठी तत्कालीन लिप्यंतर-पद्धतीत ‘आर’खाली टिंब दिले जाई. छापखान्यात आणि कचेरीत टिंब गळाले, ‘आर’ तेवढा उरला. याच लोहमार्गावरील डोंगरगडच्या बाबतीत हेच घडले. परिणामी गोंदिया आणि तुमसर रोड यांच्या दरम्यानचे हे स्थानक, विधानसभा मतदारसंघ आणि कित्येक शासकीय कागदपत्रे ‘आर’कारान्वित रूप चालवितात, तर गावातील दुकानदार आपल्या पाटीवर कधी ‘डी’ तर कधी ‘आर’ लिहितो. त्यात भर अशी की सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी तालुक्यातही तिरोडा नावाचे गाव आहे.

छापील पत्रकाच्या काळात या द्विरूपतेने कोणाचेही नुकसान झाले नाही. पत्रक वाटणाऱ्या मुलाला गाव ठाऊक होते. शोधयंत्राला मात्र अक्षरे दिसतात, गाव दिसत नाही. एका दुकानाची नोंद दोन वर्णलेखनांनी दोनदा झाली तर त्याची प्रतिष्ठा दोन ठिकाणी विभागली जाते. स्थानिक शोधासाठी काम करणाऱ्या संस्थेचे पहिले काम नेमके हेच, म्हणजे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सर्वत्र एकसारखा करणे. काम कंटाळवाणे आहे, परंतु ते गाव माहीत असल्याशिवाय करता येत नाही.

खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. भाताच्या गिरण्या आणि विडी-उद्योग ही या परिसराची जुनी ओळख. अशा बाजारपेठेला लागणारी छपाई, म्हणजे पावतीपुस्तके, लग्नपत्रिका आणि दुकानाच्या उद्घाटनाची पत्रके, पूर्वी ट्रेडल यंत्रावर होत असे. खिळे जुळविणारा जुळारी हा त्या व्यवसायाचा कणा होता. त्याचे शुद्धलेखन हेच छापखान्याचे शुद्धलेखन असे.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आणि पुढे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ यांनी जुळाऱ्याची जागा डीटीपी चालकाला दिली. हा बदल कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. मालकाने संगणक घेतला, एक तरुण शिकला, वयस्क जुळारी घरी बसला. शिक्षणाची सोय मागाहून आली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मधील असून त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांत संगणक केंद्रांचे जाळे विणले. याच केंद्रांतून पुढे अर्ज भरून देणे, डीटीपी, फ्लेक्स आणि शेवटी ‘ऑनलाइन जाहिरात’ असा व्यवसाय-विस्तार होत गेला. फ्लेक्सने रंगाऱ्याचा कुंचला संपविला हे सर्वज्ञात आहे; वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांनी मात्र या दुकानांना जे स्थैर्य दिले त्याचे श्रेय द्यायला कोणी तयार होत नाही.

डीटीपीच्या काळाने एक वारसा मागे ठेवला आणि तोच आजच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. त्या काळातील प्रत्येक टंकसंचाची संकेतप्रणाली स्वतंत्र होती. कागदावर उमटलेले मराठी निर्दोष असे, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते निरर्थक रोमन चिन्हांची मालिका होती. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच स्थान मिळाले होते, विंडोज २००० मध्ये मराठीचा अंतर्भावही झाला होता; तरीही मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे त्यानंतर बराच काळ खाजगी टंकांवर चालत राहिली. त्या वर्षांत तालुक्याच्या गावी टंकलिखित झालेला प्रचंड मजकूर शोधयंत्रांना वाचताच आला नाही. ज्या सामग्रीवर आजची भाषिक प्रारूपे घडली, तीत ग्रामीण मराठी विरळ असण्याचे एक कारण येथे आहे. गरिबी किंवा निरक्षरता हे कारण नेहमी पुढे केले जाते. टंकांच्या बजबजपुरीची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही.

स्थानिक शोधाचा उदय

जस्टडायलची स्थापना १९९६ ची. दूरध्वनीवरून दुकानाचा पत्ता विचारण्याची सवय तिने महानगरांना लावली. तिरोड्यासारख्या गावी अशा सेवेची गरज उशिरा निर्माण झाली, कारण गावातील माणूस विचारूनच चालत असे. २००८ मध्ये आलेल्या गूगल मॅप मेकरमुळे सामान्य नागरिकाला नकाशावर रस्ते आणि स्थळे नोंदविता येऊ लागली. ३१ मार्च २०१७ रोजी ते साधन बंद झाले. दरम्यान २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ सुरू झाले आणि २०२१ मध्ये त्याचे नाव ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ असे झाले.

तिरोड्याच्या बाबतीत आणखी एक घटक विचारात घ्यावा लागतो. येथील ३३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प २०१२ पासून टप्प्याटप्प्याने कार्यान्वित झाला. असा प्रकल्प परप्रांतीय अभियंते, ठेकेदार आणि वाहनचालक घेऊन येतो. त्यांना खोली, खानावळ, दवाखाना शोधायचा असतो आणि विचारायला ओळखीचे कोणी नसते. स्वस्त मोबाइल इंटरनेट २०१६ नंतर उपलब्ध झाल्यावर ही विचारणा भ्रमणध्वनीकडे वळली. स्थानिक शोधाचा बाजार हा मुळात अनोळखी माणसाचा बाजार आहे, असे यावरून म्हणता येईल.

स्थानिक निकाल ठरविताना विचारणेशी सुसंगती, अंतर आणि ख्याती या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गूगल स्वतः सांगते. अंतर बदलता येत नाही. उरलेल्या दोहोंवर जाहिरात-संस्थेचा उदरनिर्वाह चालतो. व्यवसायाचा योग्य प्रवर्ग निवडणे, वेळा अद्ययावत ठेवणे, छायाचित्रे घालणे, ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे देणे आणि महिन्याला अहवाल देणे, असे या कामाचे स्वरूप आहे.

यंत्रबुद्धीचा प्रवेश

गूगलच्या भाषांतर-सेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये तिला न्यूरल पद्धतीची जोड मिळाली. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले. आरंभी देवनागरी मजकूर या प्रारूपांना महाग पडत असे, कारण तो रोमनपेक्षा कितीतरी अधिक तुकड्यांत मोडला जाई. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवे प्रारूप जाहीर करताना एका नमुना मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आल्याचे दाखविले. जून २०२४ मध्ये गूगलचे जेमिनी उपयोजन भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत आले. म्हणजेच लहान संस्थेला परवडेल अशा खर्चात मराठी मजकूर करून देणारे साधन प्रत्यक्षात २०२४ मध्ये हाती आले, असे मानावयास हरकत नाही.

डीटीपीच्या वेळी जे झाले तेच येथे पुन्हा घडताना दिसते. साधन प्रथम जेथे वेळ वाचतो तेथे, म्हणजे मजकूर-निर्मितीत लावले जाते. दुकानाचे वर्णन, अभिप्रायाचे उत्तर, सणाच्या शुभेच्छा ही कामे पूर्वी नव्याने आलेल्या मुलाला देत. तो मुलगा चुका करी, मालक त्या दुरुस्त करी आणि या ओघात कोणता दवाखाना कोणत्या गल्लीत आहे, कोणती गिरणी हंगामातच चालते, हे त्याला कळत जाई. यंत्राने मजकूर लिहिला की उमेदवारीचा हा टप्पा गळतो. पाच माणसांच्या संस्थेत एका उमेदवाराचे पद गेले तर ते कोणत्याही आकडेवारीत दिसणार नाही. परंतु पुढील दहा वर्षांत गाव माहीत असलेला माणूस त्या संस्थेत राहणार नाही.

दुसरा धोका कायद्याचा आहे. इंग्रजी, त्यातही अमेरिकी, जाहिरात-वाङ्मयावर पोसलेले यंत्र दवाखान्यासाठी ‘खात्रीशीर उपचार’ आणि वकिलासाठी ‘सर्वोत्तम विधिज्ञ’ असे सहज लिहून देते. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची व्यावसायिक आचारविषयक विनियमावली डॉक्टरांना जाहिरातीद्वारे रुग्ण मिळविण्यास मनाई करते. वकिलांवर बार कौन्सिलचे निर्बंध आहेत. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम ठराविक रोगांवरील दाव्यांना प्रतिबंध करतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यासही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तालुक्याच्या गावी शोधात दिसू इच्छिणाऱ्यांत डॉक्टर आणि वकील प्रामुख्याने असतात, हे लक्षात घेता प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. बनावट अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आय.एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले, परंतु ते ऐच्छिक ठेवले. यंत्राकडून पन्नास अभिप्राय लिहून घेणे आता काही मिनिटांचे काम आहे आणि मोह मोठा आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते साधनांच्या वापराचा क्रम उलट असावयास हवा. दुहेरी नोंदी हुडकणे, ‘डी’ आणि ‘आर’ अशी वर्णलेखने ताडून पाहणे, कालबाह्य वेळा वेगळ्या काढणे, अहवालाची आकडेमोड करणे, ही पडताळणीची कामे यंत्राकडे प्रथम द्यावीत आणि ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देण्याचे काम सर्वांत शेवटी, तेही दुकानदाराला विचारून, द्यावे. भाताची गिरणी ‘चोवीस तास सुरू’ असल्याचे यंत्राने परस्पर लिहिले तर रात्री ट्रॅक्टर घेऊन येणारा शेतकरी यंत्राला दोष देत नाही. तो गिरणीवाल्याला जाब विचारतो आणि गिरणीवाला संस्थेच्या दारात उभा राहतो.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. या परिसरात झाडीबोली बोलली जाते, पोवारी आणि गोंडी बोलल्या जातात, बाजारात हिंदी चालते. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या प्रयत्नांनी ही बोली साहित्य-व्यवहारात प्रतिष्ठित झाली. यंत्राच्या सामग्रीत ती जवळजवळ नाही. आवाजी शोध करणारी गृहिणी ‘पाणी’चा उच्चार ‘पानी’ असा करते, तेव्हा यंत्र तिला हिंदीभाषक समजून हिंदी निकाल पुढे ठेवण्याची शक्यता असते आणि मराठीत नोंद केलेला दुकानदार यादीत मागे पडू शकतो. एकाच दुकानाची नोंद मराठी, हिंदी आणि दोन्ही रोमन वर्णलेखनांत ठेवण्याची पद्धत त्यामुळे व्यवसायाची गरज ठरते. ती कोणी ठेवावयाची, मासिक दोन-तीन हजारांत काम करणाऱ्या संस्थेने की नोंदीतून उत्पन्न मिळविणाऱ्या कंपनीने, याचा निवाडा अद्याप कोणत्याही करारात झालेला नाही.